गालावरचा हात

माझ्या चेहऱ्याची डावी बाजू हसत नाही, रडत नाही आणि झोपतही नाही. उजवी सगळं करते. त्यामुळे मी हसले की समोरच्याला वाटतं, ही आपली टर उडवते आहे. पहिलीच्या वर्गातल्या पोरांना माझ्या तोंडाची सवय आठवड्याभरात झाली. मोठ्यांना अजून झालेली नाही. मालवणच्या बाजारात ओळखीच्या बायका माझ्याशी बोलतात त्या माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत बोलतात.

हे मी कुणी कीव करावी म्हणून लिहीत नाही. डोक्यातली गाठ काढून घेण्याची पाळी ज्यांच्यावर येईल, त्यांना डॉक्टरांच्या तोंडून सहसा न निघणाऱ्या चार गोष्टी आधी कळाव्यात, म्हणून लिहिते. दुसरं कारणही आडपडदा न ठेवता सांगते. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

कान

तारकर्लीच्या वाटेवर आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत मी शिक्षिका आहे. माझे यजमान सदानंद मालवणात सरकारी कचेरीत कारकून आहेत. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. मूलबाळ नाही. रत्नागिरीपासून आमचा जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं.

सुरुवात डाव्या कानातल्या घुंघुं आवाजाने झाली. मग वर्गातल्या डाव्या रांगेतली पोरं पाढे चुकीचे म्हणून सुटायला लागली. मला ऐकूच यायचं नाही, आणि त्यांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं. सासूबाई म्हणाल्या, "कानात वारा भरलो आसतलो. लसणीचा त्याल घाल, बरा होतला." घातलं. मालवणच्या डॉक्टरांचे थेंबही घातले. वर्षभर कान चालेना, म्हणून मी उजव्यावर भागवलं.

पुढे शेताच्या मेरेवरून चालताना माझा तोल जायला लागला. एकदा तर सरळ लावणीच्या चिखलात बसले. शेजारचे काका लांबून म्हणाले, "बाईनू, सकाळीच घेतलात की काय?" मीही हसले. तेव्हा दोन्ही बाजूंनी हसता यायचं.

शेवटी कणकवलीच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला, मला डोळे मिटून उभं केलं, डोळ्याला कापसाची वात लावून बघितली. मग म्हणाले, "हे कानाचं नाही, कानाच्या आतल्या बाजूचं आहे. मुंबईला जा, उशीर करू नका."

निदानाचा दिवस

मुंबईत स्कॅनचं मशीन तेव्हा नवलाईचं होतं. त्याच्या नळीत डोकं घालून पडले. दोन दिवसांनी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. त्यांनी काळी फिल्म उजेडावर धरली, ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसवा."

मी खुर्चीवरून उठले नाही. तेव्हा ह्यांनी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. डॉक्टरांपुढे हे शुद्ध मराठीत बोलतात. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ती शिक्षिका आहे. जे काय असेल ते तिलाच सांगा. आम्ही एकमेकांपासून काही लपवत नाही."

त्या दिवशी मेंदूतल्या गाठीपेक्षा मला ह्या वाक्याचं अप्रूप वाटलं. बारा वर्षं संसार केला तो ह्याच माणसाशी, असं मनात म्हणाले.

गाठ कर्करोगाची नव्हती. ऐकू येण्याच्या नसेवर ती वाढली होती, मोठ्या सुपारीएवढी. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही. काढली नाही तर पुढे मेंदूवर दाब येणार होता. डावा कान तर गेल्यातच जमा होता. "पण ऐकण्याच्या नसेला चिकटून दुसरी नस जाते," डॉक्टर म्हणाले, "ती चेहरा हलवते. गाठीने ती ताणून दोऱ्याएवढी केली असेल. ती वाचवायचा प्रयत्न करू." मी विचारलं, "वाचली नाही तर?" त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावरून वरून खाली हात फिरवला.

पहिलीची पोरं मास्तरणीचं तोंड बघून अक्षर शिकतात. ओठ कसे मिटले की प होतो, कसे उघडले की आ होतो, हे ती माझ्या ओठांवर वाचतात. माझं तोंड म्हणजे माझी पाटी. आणि खरं सांगायचं तर पोरं नसती तरी मला माझा चेहरा हवाच होता. चाळिशीही गाठली नव्हती मी. आरशात बघायला मला आवडायचं.

वॉर्ड

शस्त्रक्रियेला तीन आठवडे अवकाश होता, पण खाट मिळाली होती. ती सोडली तर पुन्हा मिळेलच असं नव्हतं, म्हणून मी तिथेच राहिले. हे मुंबईतल्या माझ्या दिरांच्या घरी राहून रोज डबा घेऊन यायचे.

वॉर्डात पहाटे पाचला थर्मामीटर तोंडात यायचा, सहाला किटलीतला चहा, आठला झाडूवाली, दहाला डॉक्टरांची फेरी. त्यानंतर दिवस संपता संपायचा नाही. पडल्या पडल्या मी गाल फुगवायचे, डोळे मिटायचे, भुवया उडवायचे. सगळं चालतंय ना, हे दिवसातून पन्नासदा तपासायचे. शेजारच्या खाटेवरच्या अमीनाबी माझ्याकडे बघत राहायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "मास्तरीणबाई, कुणाला खुणा करता?" मी सगळं सांगितलं. त्या दिवसापासून त्याही माझ्याबरोबर गाल फुगवायला लागल्या. त्यांच्या पाठीच्या मणक्याचं दुखणं होतं, चेहऱ्याचा काही संबंध नव्हता. वॉर्डात जे जे बरं घडलं, त्यात हे मी पहिलं धरते.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई

भूल म्हणजे नाकाला काहीतरी लावतात आणि माणूस झोपतो, एवढंच मला ठाऊक होतं. ती देणारा वेगळा डॉक्टर असतो हेही मला माहीत नव्हतं. एक दिवस पन्नाशीच्या एक बाई आल्या, खाटेवर माझ्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "ऑपरेशन साहेब करणार, पण तितका वेळ तुम्हाला सांभाळणार मी. तेव्हा आपली ओळख हवी." मला त्या तिथेच आवडल्या.

त्यांनी माझं हृदय तपासलं आणि थांबल्या. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का, असं विचारलं. यायचा. हृदयाची एक झडप त्यामुळे थोडी अधू होती. मग त्यांनी मला दोन वाटा समजावून सांगितल्या. इतक्या सोप्या करून सांगितल्या की त्या मी दुसरीच्या मुलीलाही सांगू शकेन.

पहिली वाट अशी, की झोपेच्या औषधाबरोबर अंग पूर्ण सैल करणारं औषध द्यायचं. मग गुंगीचा वायू थोडा पुरतो आणि हृदयावर ताण येत नाही. पण त्या औषधाने चेहराही सैल पडतो. सर्जनचं हत्यार चेहऱ्याच्या नसेला लागलं तरी गाल हलत नाही, आणि त्यांना कळत नाही.

दुसरी वाट अशी, की सैल करणारं औषध वगळायचं. चादरीखाली माझ्या डाव्या गालावर त्यांच्या मदतनिसाचा हात शेवटपर्यंत राहील. सर्जन विजेच्या बारीक तारेने आत चाचपत जातील. नसेला स्पर्श झाला की गाल उडेल, हाताला कळेल, मदतनीस "थांबा" म्हणेल. पण मग मला गाढ ठेवायला वायू जास्त लागेल, रक्तदाब उतरू शकेल, आणि झडप अधू असल्याने थोडा धोका वाढेल.

"म्हणजे किती?" मी विचारलं.

"आकडा सांगितला तर तो खोटा असेल," त्या म्हणाल्या. "धोका आहे. मी तयारीत राहीन. पण जीव तुमचा आणि चेहराही तुमचाच. तुम्ही ठरवा, घाई नाही."

एवढं बोलून त्यांनी आपला तळवा माझ्या गालावर ठेवला. "असा राहील हात," म्हणाल्या. तो गार होता आणि त्याला स्पिरिटचा वास होता.

हे बाजूलाच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, दुसरी वाट. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी ह्यांच्याकडे वळून विचारलं, "तुमका काय वाटता?" हे म्हणाले, "तू ठरवलंस मा? मगे माझा काय?" मला तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवशी हे रजा वाढवून घ्यायला म्हणून एसटीने गावी गेले. चार दिवसांनी परतले ते देवळातला अंगारा घेऊन. तो माझ्या कपाळाला लावला, थोडा डाव्या गालालाही लावला. रजेचं काय झालं विचारलं तर म्हणाले, "झाला सगळा." मला वाटलं, प्रवासाने दमलेत.

ती सकाळ

आदल्या दिवशी न्हाव्याने डोकं तासलं. अमीनाबींनी त्यांची धुतलेली ओढणी माझ्या डोक्याला बांधली. सकाळी सातला नर्सने एक इंजेक्शन दिलं, त्याने तोंड कोरडं पडतं आणि माणूस अर्धवट गुंगीत जातो. हे खाटेशी होते. जीभ जड होत चालली तशी मी घाईने विचारलं, "सगळा ठरल्यापरमाणा मा?"

"सगळा ठरल्यापरमाणा आसा गो," हे म्हणाले. "तू काय्येक चिंता करू नको."

मग ते कुठेतरी गेले आणि थोड्या वेळाने परत आले. वॉर्डबॉयने गाडी ढकलायला घेतली. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरबाई तोंडाला फडकं बांधून उभ्या होत्या, पण मी त्यांना डोळ्यांवरून ओळखलं. बोलायला येत नव्हतं म्हणून मी बोटाने डावा गाल दाखवला. त्यांनी माझा खांदा थोपटला. गालाला हात लावला नाही.

जाग

आठ-नऊ तासांनी शुद्ध आली म्हणे. मला आठवते ती ओकारी, आणि पाण्याचा पहिला घोट, जो डाव्या ओठातून सरळ उशीवर गेला. मी पुन्हा घोट घेतला, तोही गेला. मग मी गाल फुगवून बघितला. उजवा फुगला.

सर्जन आले. गाठ पूर्ण निघाली होती, आता जिवाला धोका नव्हता. "चेहऱ्याच्या नसेचं मात्र जमलं नाही. फार ताणली गेली होती," म्हणाले. मी बोबड्या शब्दांत विचारलं, "गाल हलला नव्हता का?" सर्जननी ह्यांच्याकडे बघितलं, हे खिडकीकडे बघत होते. "आराम करा," एवढं बोलून सर्जन पुढच्या खाटेकडे गेले.

दोन दिवसांनी डॉक्टरबाई आल्या. मी त्यांना हात जोडले. तुम्ही इतकं केलंत, माझंच नशीब आड आलं, असं काहीबाही बोलले. त्यांनी नाडी बघितली आणि खाली मान घालून गेल्या. त्या हात जोडण्याची आठवण झाली की मला अजून स्वतःचीच लाज वाटते. ज्यांनी केसाने गळा कापला, त्यांचे मी आभार मानत होते.

गावी आले. चार महिन्यांनी शाळेत गेले. प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरं तोंडातून हवा होऊन निघायची. 'कमळ' म्हणायला गेले तर वर्ग गोंधळून बघत राहिला. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, बोटान ओठ धरा." धरला. 'कमळ' नीट आलं. तेव्हापासून मी डावा ओठ बोटाने धरून शिकवते, आणि माझी निम्मी पोरंही ओठाला बोट लावूनच म म्हणतात.

ह्यांनी त्या वर्षात माझी जी सेवा केली तिला तोड नव्हती. पेज भरवली, पाठ चोळली, चेहऱ्याबद्दल कुणाला चकार शब्द काढू दिला नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, घो असावा तर असा. मीही तेच म्हणायचे.

नारळ

वर्ष झालं तेव्हा हे म्हणाले, रवळनाथाला नवस बोललो होतो, तो फेडायचा आहे. आम्ही देवळात गेलो. सासूबाई होत्या, गावचे दहा-पंधरा मानकरी होते. मी खांबाला टेकून अशी उभी राहिले की उजवा कान गुरवाकडे असेल.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मोघम बोलून चालत नाही. काय मागितलं होतं, का मागितलं होतं, काय मिळालं, हे सगळं गुरव मोठ्याने देवाला सांगतो, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. बापू गुरव सत्तरीचे, आवाज खणखणीत. त्यांनी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज जो काय ह्या तुझ्या लेकरान, सदानंदान, तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गेल्या साली हेच्या घरकारणीच्या डोक्याचा आपरेशन होता. अर्धी भूल देवची की पुरी देवची, ह्या कोडा पडला, म्हणान हो तुझ्याकडे धावत इलो. तुया उजवो कौल दिलंस. पुरी देवा म्हणान सांगलंस रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुझो शब्द त्येना डाक्टराच्या कानार घातल्यान, आनि ही तुझी लेक जिती घराक इली रे म्हाराजा."

सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. आणि मी म्हणाले, "नाय."

मी ओरडले नाही. वर्गात चुकीचं उत्तर आलं की मी ज्या आवाजात नाही म्हणते, त्या आवाजात म्हणाले. बापू गुरव थांबले. त्यांच्या जन्मात गाऱ्हाण्याला कुणी नाय म्हटलं नसेल. सासूबाईंनी माझा पदर ओढला. हे नारळाकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या तेव्हाच्या तोंडावरून मला उरलेलं सगळं कळलं.

देवळात मी आणखी तमाशा केला नाही. घरी येऊन विचारलं, "तुमी देवाक नेमका काय इचारलात?"

"अर्धी भूल की पुरी, इतक्याच."

"अर्धी-पुरी असा काय नव्हताच. दोन्हीकडे मी पुरीच झोपतलंय होतंय. बाईंनी सांगला तेव्हा तुमी थंयच होतात."

"कौलाक दोनच बाजू गो," हे म्हणाले. "देवाक लांबण लावन कसा इचारतलंय?"

ज्यांना कौल माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. म्हणजे प्रश्न त्या मापात कापूनच न्यावा लागतो. माझ्या प्रश्नात एकीकडे हृदयाची झडप होती आणि दुसरीकडे चेहरा होता. ह्यांनी कापताना चेहरा कापून टाकला. त्याला अर्धी भूल असं नाव दिलं, आणि अर्धी वस्तू बायकोसाठी कोण मागेल? देवावर माझा राग नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं.

"डॉक्टरबाईंका काय सांगलात?"

ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढून खुंटीला टांगला. मग म्हणाले, "तूच भियालंस म्हणान सांगलंय. तुकाच पुरी भूल होयी म्हणान."

म्हणजे ते इंजेक्शन घेऊन मी गुंगीत गेले, आणि 'सगळं ठरल्याप्रमाणे' असं मला सांगून हे खाटेपासून उठले ते ह्या कामासाठी.

"माका तू जिती होयी होतंस," हे रडायला लागले. "तोंड वाकडा झाला तरी माणूस माणूसच रवता."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "सदाचा काय चुकला? जीव वाचवल्यान तुझो." त्याचं उत्तर मला अजूनही नीट सुचत नाही, आणि म्हणूनच बहुतेक मी हे लिहिते आहे.

मुंबईची फेरी

पुढच्या महिन्यात तपासणीला मुंबईला गेलो. ह्यांनी डॉक्टरांसाठी देवगड हापूसची पेटी घेतली होती. ती मी दिरांच्या घरीच ठेवायला लावली.

सर्जनना विचारलं, त्या औषधाशिवाय केलं असतं तर नस वाचली असती का? ते भले गृहस्थ आहेत, खरं बोलले. "सांगता येत नाही. गाठ मोठी होती. कदाचित तरीही गेली असती, कदाचित वाचली असती."

हे लगेच म्हणाले, "बघ, तरीही गेली असती." मी म्हणाले, तसं झालं असतं तर मी पैज लावून हरले असते. हरण्याचं मला एवढं काही नाही. पण मला खेळूच दिलं नाही, त्यामुळे मी हरले असते की जिंकले असते, हेही मरेपर्यंत कळायचं नाही.

डॉक्टरबाई त्यांच्या खोलीत होत्या. मी एकटीच आत गेले. त्यांनी माझा कागद काढायला लावला. दुसरी वाट असं माझ्यासमोर लिहिलेलं होतं, त्यावर रेघ मारलेली होती आणि बाजूला 'रुग्णाने विचार बदलला, पतीकडून समजले' अशी नोंद होती. खाली ह्यांची वळणदार सही होती.

"मला मनातून थोडं बरंही वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या हृदयाची मला काळजी होती. म्हणून मी खोलात गेले नाही. तुम्ही वॉर्डात होतात, जिना उतरून यायला मला दोन मिनिटं लागली असती. मी यायला हवं होतं."

त्यांनी सारवासारव केली नाही, याचं मला बरं वाटलं. क्षमा मात्र केली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

तेव्हा ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना माझं सांगणं एवढंच. सर्जनशी बोलाच, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोला. नस तपासत ऑपरेशन करणार असतील तर कोणतं औषध देणार आणि कोणतं वगळणार, हे विचारा. तुमचं म्हणणं तुमच्या अक्षरात लिहा, खाली तुमची सही करा, आणि हेही लिहा की बदल झाला तर तो फक्त माझ्या तोंडून ऐकावा. गुंगीचं इंजेक्शन टोचायच्या आधी ते पुन्हा एकदा वाचून घ्या. आणि घरच्या माणसाच्या मायेवर विसंबू नका. माया आणि भीती एकाच घरात राहतात, आणि दार कोण उघडेल सांगता येत नाही.

आता

मी घर सोडलं नाही. गावातल्यांना वाटलं मी माहेरी जाईन. शाळा इथे आहे, आणि खरं म्हणजे मला ह्या माणसाचा रागही इथेच राहून करायचा होता. मधले काही महिने मी स्वतःला एक समजूत घातली होती. हे घाबरले होते, तीन आठवडे झोप नव्हती, घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. मला विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. त्या समजुतीवर मी ह्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले होते, थोडं हसायलाही.

माझा डावा डोळा मिटत नाही, म्हणून त्यात दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात, नाहीतर बुबुळ सुकतं. घरी असताना ते काम ह्यांचं. कचेरीत जाण्याआधी हे मला ओटीवरच्या खुर्चीत बसवायचे, मान मागे करायचे, पापणी बोटाने खाली ओढायचे. गेल्या महिन्यात एका सकाळी असंच चाललं होतं. मी सहज म्हणाले, जे झालं ते झालं, तुम्हाला तेव्हा सुचलं नसेल, मी आता तसंच धरून चालते.

ह्यांचा हात थांबला.

"तसा नाय गो," हे म्हणाले. "माका तुझ्याशी आता खोटा बोलूचा नाय. माका सुचला होता. एसटीत बसल्यार जाताना, येताना, सगळी वाट ताच डोक्यात होता. इचारला असता तर तू काय सांगतलंस ता माका म्हायत होता. म्हणानच इचारूक नाय."

डोळ्यात पडलेला थेंब माझ्या कानाकडे ओघळत होता. मी मान सरळ केली आणि त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली.

तेव्हापासून थेंब मीच घालते. निम्मे गालावर सांडतात.